आमच्या मंडईतला दुःशासन

अकरा मंडया त्या माणसाने भर गावासमोर माझी साडी ओढली. आणि त्यांच्याविषयी कोणी वावगा शब्द काढला तर मी आजही चुलीवरची भाजी तशीच टाकून भांडायला उठते. वरठीला सासरी आल्यावर शेजारणीला मी पहिल्यांदा हे सांगितलं, तेव्हा तिच्या हातातली चहाची बशी हातातच राहिली. म्हणून आधी सरळ सांगून टाकते. लाखनीहून आत वळलं की आमचं गाव. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. पाव्हणे येतात, जिलबीच्या कढया लागतात, बांगड्यांची दुकानं, उकडलेल्या शिंगाड्यांचे ढीग, आणि दुपारी चौकात दंडार. दंडार म्हणजे ढोलकी, गाणी आणि रामायण-महाभारतातलं एखादं आख्यान, सगळं उघड्यावर, गोल बसलेल्या लोकांच्या मधोमध. आमच्या दंडारीत मी द्रौपदी होते आणि ते दुःशासन.

त्यांना नावाने हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. पोराटोरांचे ते दुशासनकाका, मोठ्यांचे दुशासनभाऊ, आणि माझे काकाजी. पोस्टमनसुद्धा पत्र आलं की "दुशासन घरी आहे काय?" असं विचारायचा. लाखनीच्या एका धानगिरणीत ते हमाल होते. क्विंटलभराचं पोतं पाठीवर घेऊन फळीवरून असे चढत की बघणाऱ्याला वाटावं, पोत्यात कापूस आहे. मिशा भरदार, आवाज तळ्याच्या या पाळीवरून त्या पाळीवर जाणारा, आणि केस खांद्याच्याही खाली. त्या केसांत गिरणीचा कोंडा इतका बसायचा की संध्याकाळी सायकलवरून घरी येताना ते पिकल्या केसांचे म्हातारे दिसत. दर रविवारी काकी, म्हणजे त्यांची बायको, त्यांना अंगणात बसवून डोक्याला तेल लावायची आणि कोंडा विंचरून काढायची. रस्त्याने जाणारे म्हणत, "काकी, वेणी घाला ना, गजरा आमी आनून देतो." काकाजी डोळे मिटून बसलेले असत. त्यांना फरक पडत नसे.

या केसांची एक हकीकत आहे, ती पुढे सांगते. पण विक्षिप्तपणा केसांवर थांबता तर गावाने सोडून दिलं असतं. तळ्याच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, बायका धुणं घेऊन येताना दिसल्या की हा सहा फुटी माणूस पाळ सोडून खाली चिखलात उतरायचा आणि त्या पुढे जाईपर्यंत मान खाली घालून उभा राहायचा. पाळ चांगली बैलगाडी जाईल एवढी रुंद. बायकांनाच लाज वाटायची. माझी आई एकदा म्हणाली, "भाऊजी, वर या ना, पाय भरले तुमचे." तर म्हणाले, "पाय धुता येते, वहिनी. मी मंडईत काय काम करतो तुमाले माहीत आहे. बाकीचे तीनशे चौसष्ट दिवस तं मले नीट वागू द्या." बायकोला ते अहो-जाहो करत. आमच्या गावात नवरा बायकोला "अहो" म्हणतो, हे ऐकायला बाहेरगावचे पाव्हणे मुद्दाम त्यांच्या अंगणात जाऊन बसत. काकीच्या साड्या ते स्वतः हातपंपावर धूत. कोणी हसलं तर पिळलेल्या साडीचं पाणी त्याच्याच अंगावर झटकत.

त्यांना मूलबाळ नव्हतं. सोयरे येत, जेवत, पान खात आणि हळूच दुसऱ्या लग्नाचं काढत. काकाजींचं उत्तर ठरलेलं होतं. "दशरथाले तीन होत्या. काय भलं झालं त्याचं?" हे ते काकीच्या समोर, भात वाढून घेता घेता म्हणत. सोयऱ्याचा घास तोंडातच फिरायचा.

आणि कथेकऱ्यांची तर त्यांनी झोप उडवली होती. गावात सप्ताह होता, बाहेरगावचे एक महाराज सीतेची अग्निपरीक्षा सांगत होते. आवाज गहिवरलेला, बायका पदराने डोळे टिपताहेत, आणि मागून काकाजी उभे राहिले.

"महाराज, एक विचारू काय?"

महाराज म्हणाले, "विचारा, भक्ता."

"वनवास दोघाइनं काढला. ताटातूटबी दोघाइची झाली. मंग इस्तवात ती एकटीच कायले गेली?"

महाराज हसले. म्हणाले, "ते लोकांसाठी हो. लोक काय म्हणतील, म्हणून."

"लोकाइचं मी पाहून घेईन," काकाजी म्हणाले. "मी रामाचं विचारून राहिलो."

महाराजांनी मृदंगवाल्याला खूण केली आणि भजन सुरू झालं. आई त्या दिवशी घरी येऊन हा प्रसंग आम्हाला तीनदा सांगत होती आणि तिन्ही वेळा हसता हसता खाली बसली. पण काकाजींना देवाधर्माचं वावडं होतं असं कोणी समजू नये. रोज अंघोळ करून ते रामाच्या तसबिरीला हात जोडत. रामावर त्यांचा राग नव्हता, घरातल्या मोठ्या भावावर असावा तसा रुसवा होता. चौदा वर्षं ऊर्मिलेने काय केलं, गांधारीने डोळ्यांना पट्टी बांधली त्याआधी तिला कोणी विचारलं का, असले प्रश्न त्यांना पोती उचलताना पडत आणि ते कोणालाही, अगदी एसटीच्या कंडक्टरलाही, विचारत.

आता केसांचं. आमच्या दंडारीत पूर्वी बायका नव्हत्या. द्रौपदी व्हायचा पानठेल्यावरचा एक गडी. मिशी काढली की चेहरा बरा दिसायचा, पण गड्याला लोकांना हसवायची फार हौस. काकाजींनी साडी ओढली की हा भिंगरीसारखा गरगर फिरायचा, साडी सुटायची, खालचे केसाळ पाय आणि पट्ट्यापट्ट्यांची चड्डी दिसायची, आणि चौक हसून लोळायचा. शिट्ट्या, टोप्या वर उडालेल्या. वस्त्रहरण हा आमच्या मंडईचा सगळ्यात विनोदी प्रवेश होता! मीही लहानपणी त्याला पोट धरून हसले आहे, खोटं कशाला बोलू.

एका वर्षी खेळ संपवून काकाजी घरी गेले. काकीने पाण्याचा गडवा पुढे ठेवला आणि विचारलं, "लोक हासून राहिले होते, तवा तुमाले कसं वाटलं?" एवढंच. दोन दिवस काकाजी पोती उचलताना तोच प्रश्न घोकत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी चौकात सांगून टाकलं, "द्रौपदीनं केस मोकळे सोडले, तवा कोनी माफी मागितली नाही. मी दुशासन हावो, आता केस मी वाढवतो. ज्या मंडईत हा सीन पाहून कोनी हासनार नाही, त्या मंडईत काढीन." लोक त्यालाही हसले. त्यानंतर सात मंडया झाल्या. पानठेलेवाल्याची भिंगरी चालूच होती आणि काकाजींचे केस वाढतच होते.

गोंदिया आमच्यातून फुटून वेगळा जिल्हा झाला त्याच्या दोन-चार वर्षांनंतरची पुढची गोष्ट. तेव्हा अर्ध्या गावाचे सोयरे बसल्या जागी दुसऱ्या जिल्ह्यात गेले होते आणि मंडईला येणारा प्रत्येक पाव्हणा "आमी आता परजिल्ह्यातले" म्हणून दोन जिलब्या जास्त खात होता. मी बारावी होऊन घरी बसले होते. पुढे शिकायचं नाही हे ठरलेलं, लग्न करायचं हे ठरलेलं, मुलगा कोण ते तेवढं ठरायचं होतं. एके दिवशी हातपंपावर एका माणसाने माझी पाण्याची गुंडी बाजूला सारून आपली बादली लावली. मी त्याला जे सुनावलं ते पंपापासून पाळीपर्यंत ऐकू गेलं असणार, कारण त्याच संध्याकाळी काकाजी आमच्या अंगणात येऊन उभे राहिले.

बाबांनी खाट टाकली. काकाजी बसले नाहीत. बाबांकडे न बघता मला म्हणाले, "बाई, तुले विचाराले आलो. दंडारीत द्रौपदी होशीन काय?"

बारावीनंतर मला कोणी काही विचारलं नव्हतं. सांगत होते सगळे. विचारणारा हा पहिला माणूस, आणि तो दुःशासन!

बाबा भडकले. "दंडारीत पोरगी? भाऊ, डोकं फिरलं काय? उद्या तिले बायको कोन करन? चार लोकात तुमी तिची साडी ओढान अन् मी पाहात बसू?"

"माझा हात तुमच्या पोरीले लागनार नाही," काकाजी म्हणाले. "बोटबी नाही. लागला तं हा हात गिरणीच्या पट्ट्यात घालीन. गड्याची साडी ओढली की लोक हासतात, दादा. मले ते हासनं बंद करायचं आहे. त्याले बाईच पाहिजे. अन् आवाज असा पाहिजे की पंपावरचा मानूस बादली उचलून पळाला पाहिजे."

आई दारामागून खुसखुसली. बाबांनी तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "बाबा, मी करतो." आमच्याकडे पोरीही करतो-जातो म्हणतात. बाबांनी मग अट घातली. "एक शिट्टी वाजली, एका मानसानं वाकडं तोंड केलं, तं मी तिथूनच हाताले धरून तिले घरी आनीन. मंग पुन्हा या घरात दंडारीचं नाव काढाचं नाही. अन् पहिला पाव्हना येईन त्याले पोरगी देऊन टाकीन." काकाजींनी मान हलवली. मीही हलवली. म्हणजे माझं काय व्हायचं ते चौकातल्या सगळ्यात टवाळ माणसाच्या तोंडावर येऊन ठेपलं, आणि आमच्या चौकात टवाळांना तोटा नव्हता.

तालमी समाजमंदिरात सुरू झाल्या. काकाजींचे नियम पहिल्याच दिवशी समजले. अंगावरच्या वस्त्राला हात लावायचा नाही. मी माझी साडी चहूबाजूंनी टाचून नेसायची, वर कमरेला एक सैल पट्टा, आणि त्या पट्ट्यातून ओढायच्या साड्या सरकत यायच्या. पहिल्या साडीचं टोक मी स्वतः जमिनीवर टाकायचं, मागे सरकायचं, मग ते पाच हातांवरून वाकून उचलणार. माझ्या मागे एक आडपडदा आणि पडद्यामागे टोपलीत साड्या घेऊन काकी. ओढ लागली की ती एकेक साडी सोडत जाणार. "किस्न कोन होनार?" असं कोणीतरी विचारलं, तेव्हा काकाजी म्हणाले, "पडद्यामागं बसून राहिल्या ना." काकीने लाजून टोपलीत तोंड घातलं.

आणि त्या साड्या! बाजारातल्या साड्या घ्यायला ते तयार नव्हते. मंडईच्या आदल्या आठवड्यात ते मला आणि काकीला घेऊन दारोदार निघाले. उंबऱ्याच्या बाहेर उभं राहून म्हणायचं, "माय, द्रौपदीसाठी एक लुगडं द्या. नेसलेलं पाहिजे, कोरं नोको." बाई साडी आणायची, आणि आधीच्या साडीच्या टोकाला तिने स्वतःच्या हाताने गाठ मारायची. पहिली साडी माझ्या आईची. बौद्ध मोहल्ल्यात अंगणवाडीच्या मावशींनी आम्हाला दारातच थांबवलं. "आमी हे मानत नाही, भाऊ. तुमच्या द्रौपदीले आमचं लुगडं कायले?" काकाजी म्हणाले, "देवाले नोका देऊ, ताई. भरल्या सभेत एका बाईले पाच नवऱ्याइनं सोडून दिलं, तिले द्या." मावशी आत गेल्या. मग आतून पांढरी साडी घेऊन आल्या आणि करकचून गाठ मारली. वर म्हणाल्या, "पन धुऊन वापस आना."

ट्रॅक्टरवाल्याच्या घरी वेळ लागला. हा ट्रॅक्टरवाला आमच्या गावची बडी असामी आणि मंडई समितीचा मुख्य. त्याची म्हातारी आई आढेवेढे घेत होती, सून रागावेल म्हणत होती. शेवटी पेटीतून तिने जांभळ्या रंगाची, पिवळ्या काठाची साडी काढली. ट्रॅक्टरच्या पूजेच्या दिवशी लेकाने घेऊन दिलेली. तिने ती एकदाच नेसली होती. तिच्या थरथरत्या बोटांना गाठ मारायला इतका वेळ लागला की काकाजींचा पाय मुंग्या येऊन बधिर झाला, पण त्यांनी मदतीला हात पुढे केला नाही. गाठ तिची तिनेच मारायची होती. अशा वीस साड्या जमल्या. काकाजींना प्रत्येक साडी कोणाची ते पाठ होतं, मला नव्हतं.

मंडईचा दिवस उजाडला. काकाजी त्या दिवशी उपाशी होते, साड्या घरोघर परत जाईपर्यंत पाणीसुद्धा घेणार नव्हते. दुपारी उन्हात चौक खच्चून भरला. एका बाजूला बाया, एका बाजूला बाप्ये, पुढे खुर्च्यांवर समिती, मधल्या खुर्चीत ट्रॅक्टरवाला. बाबा कडुनिंबाच्या खोडाशी उभे होते, बसले नव्हते. चपला घालून तयार. मला रिंगणातून फक्त त्यांच्या चपलाच दिसत होत्या.

द्यूत झालं. मी आले, तेव्हा लोकांत कुजबूज झाली, पण बाई आहे हे बघून ती विरली. मी टोक जमिनीवर टाकलं. काकाजींनी वाकून उचललं आणि ओढायला लागले. आईची साडी आली, मग दुसरी, तिसरी. पांढरी आली. लोक गप्प होते. मला वाटलं, जमलं. आणि तेवढ्यात मधल्या खुर्चीतून आवाज आला.

"अबे, जोरानं ओढ ना! इतके दिवस गड्याची ओढली, आता खरा माल भेटला तं हात कापून राहिले काय?"

चार-पाच जण हसले. मागून एक लांब शिट्टी वाजली. कडुनिंबापाशी चपला हलल्या. बाबा गर्दीतून वाट काढत निघाले होते, आणि ते माझ्याकडेच येत होते. माझ्या तोंडचे शब्द गेले. संपलं, एवढंच मनात आलं. एवढ्या लोकांसमोर आता बाप मला हाताला धरून नेणार आणि मी पुन्हा कधी कुठेच उभी राहणार नाही.

काकाजींचा हात थांबला. हातात आलेली साडी त्यांनी बघितली. जांभळी, पिवळ्या काठाची. ती तशीच हातात धरून ते चालू लागले, मागे बाकीच्या साड्या जमिनीवरून घसटत गेल्या. ट्रॅक्टरवाल्याच्या खुर्चीसमोर जाऊन उभे राहिले. वाटलं, आता आवाज चढणार. पण त्यांचा आवाज इतका खाली मी कधीच ऐकला नव्हता.

"घे. तूच ओढ. पन आधी पाहून घे, कोनाचं लुगडं आहे ते. ओळखशीन ना?"

ट्रॅक्टरवाल्याने बघितलं. मी तिथून त्याचा चेहरा बघत होते. आधी हसूच होतं, मग ते हसू कुठे ठेवावं ते त्याला कळेना.

बायांच्या बाजूला म्हातारी उभी राहिली. काठी टेकत रिंगणात आली. लेकाला म्हणाली, "ओढ म्हनून राहिला होतास ना? ओढ. मी इथंच आहो."

चौकात एवढी माणसं, पण जिलबीच्या कढईतलं तेल चुरचुरलेलं ऐकू येत होतं. ढोलकीवाला ढोलकीवर हात ठेवून बसला होता. आणि पडद्यामागे काकीला यातलं काहीच दिसत नव्हतं. काकाजी चालत गेले तेव्हा साड्या ओढल्या गेल्या, ती सोडत राहिली. ते थांबले तरी तिला वाटलं, यांची ओढ ढिली पडली, म्हणून ती आपली साडीमागून साडी पुढे सरकवतच होती. हिरवी, राखाडी, ठिपक्यांची. कोणी ओढत नव्हतं आणि माझ्या कमरेशी साडी येतच होती, येऊन पायांशी ढीग होत होती. लोकांनी ते बघितलं. एका म्हाताऱ्या बाईने हात जोडले. मीही बघितलं, आणि माझा आवाज परत आला. सभेला विचारायचं वाक्य खरं तर शेवटी होतं. मी ते तेव्हाच म्हटलं, त्या खुर्चीकडे बघून, पंपावर ओरडले होते त्याच आवाजात: "या सभेत मानूस म्हनावं असा कोनी आहे काय?"

ट्रॅक्टरवाला खुर्चीवरून उठला. टोपी काढली. आईच्या हाताला धरून तिला आपल्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः खाली मातीत बसला. कोणी हसलं नाही.

बाबा माझ्यापासून चार पावलांवर येऊन थांबले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग तिथेच, रिंगणाच्या कडेला, चपला काढल्या आणि मांडी घालून बसले. आख्यान पुढे चाललं, शेवटची साडी आली, काकाजी ठरल्याप्रमाणे दमून खाली पडले. बायांच्या बाजूने कोणीतरी मोठ्याने रडत होतं. ती माझी आई होती.

खेळ संपल्यावर काकाजी मुकुट काढून सरळ मंडईतल्या न्हाव्याकडे गेले. कडुनिंबाखाली आरसा टांगून बसलेल्या त्या माणसाने विचारलं, "किती काढू?" काकाजी म्हणाले, "सात मंडयाइचे." काकीने ते केस बघून म्हटलं, "आता हा मानूस कोन म्हना बाई, मी ओळखत नाही याले," आणि हसत हसत पदराने त्यांच्या मानेवरचे बारीक केस झटकले. दुसऱ्या दिवशी तळ्याच्या पाळीवर वीस साड्या वाळत होत्या. काकाजींनी एकट्याने धुतल्या होत्या. येणारा-जाणारा प्रत्येक जण, बाप्येसुद्धा, पाळ सोडून खालून जात होता.

त्यानंतर माझी दंडार कोणी अडवली नाही. पुढच्या वर्षी ट्रॅक्टरवाल्याने आईची साडी स्वतः आणून दिली, बायकोचीही आणली, आणि गाठ मारायला त्या दोघींना ट्रॅक्टरवर बसवून आणलं. पोरीला कोण करणार ही बाबांची काळजीही फुकट गेली. मला ज्याने केलं, त्याने मला पहिल्यांदा बघितलं ते चौकातच. तो म्हणतो, त्या दिवशी त्याला माझी भीती वाटली होती आणि अजून वाटते. लग्न झालं तरी दर मंडईला मी वरठीहून माहेरी जायची. दोन बाळंतपणांची वर्षं तेवढी सुटली.

एका वर्षी वस्त्रहरणाच्या जोडीला काकाजींनी सीताहरणही करायचं ठरवलं आणि सुताराला कामाला लावलं. रावण सीतेला उचलणार कसा? हात तर लावायचा नव्हता! त्यांनी चार कड्यांचा भक्कम चौरंग करून घेतला. मी त्यावर उभी, आणि काकाजींनी मला चौरंगासकट खांद्यावर घेतलं, गिरणीतलं पोतं घेतात तसं, आणि चौकाला फेरी मारली. कोणी म्हणालं, पोथीत असं नाही. काकाजी धापा टाकत म्हणाले, "अंगात रावण आहे, पन हात माझ्या घरचे आहेत ना." तेव्हा त्यांचं वय साठीला आलं होतं. मी वरून गावाकडे बघत होते, आणि खरं सांगते, त्या दिवशी माझ्याइतकी ताठ मान मुलखात कोणाची नसेल.

अकरावी मंडई झाली आणि पुढच्या उन्हाळ्यात काकाजींची उजवी बाजू गेली. मी धावत गेले. त्यांच्या अंगणात खाट टाकली होती, काकी उशाशी बसून त्यांच्या डोक्याला तेल लावत होती. केस आता पांढरे होते, कोंड्याने नव्हे. जीभ जड झाली होती, शब्द तुकड्यातुकड्यांनी येत होते. मला बघून त्यांनी डोळ्यांनीच काकीला काहीतरी सांगितलं. काकीने त्यांचा उजवा हात चादरीखालून काढून बाहेर ठेवला. पोती उचलून उचलून राठ झालेला तो हात खाटेवर नुसता पडून होता.

"बाई," ते म्हणाले. "तुझ्या बाबाले... सांगितलं होतं. हात... लागला काय कधी?"

बाबा जाऊन तीन वर्षं झाली होती. काकाजी अजून त्यांना हिशेब देत होते. द्रौपदीचा आवाज असा ऐन वेळी जाऊन कसं चालेल?

"नाही, काकाजी," मी मोठ्याने म्हटलं, साऱ्या मोहल्ल्याला ऐकू जाईल असं. "कधीच नाही लागला. बोटबी नाही."

त्यांनी डोळे मिटले. मिशीखाली हसू आलं. मी खाटेजवळ खाली बसले, तो हात माझ्या दोन्ही हातांनी उचलला आणि माझ्या डोक्यावर ठेवला.